सगळ्या खात्यांकडे हिशेब मागणारी खुर्ची

11 सप्टेंबर 2024 रोजी ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने आपल्या समित्यांचे अध्यक्ष निवडले. सार्वत्रिक निवडणूक जुलैत होऊन गेली होती, चौदा वर्षांनी मजूर पक्ष सत्तेवर आला होता आणि नवे मंत्री आपापल्या खात्यांत रुळू लागले होते. पर्यावरण लेखापरीक्षण समितीचे अध्यक्षपद चेस्टरफील्डचे खासदार टोबी पर्किन्स यांच्याकडे गेले. ही खुर्ची आधीच मजूर पक्षाच्या वाट्याला आलेली होती, त्यामुळे उमेदवारी फक्त त्या पक्षाच्या खासदारांना करता येत होती. मतदानाचा हक्क मात्र सभागृहातल्या प्रत्येकाला होता. त्यात हुजूर पक्षाचे, लिबरल डेमोक्रॅटांचे आणि स्कॉटिश राष्ट्रवाद्यांचे खासदार होते, हरित पक्षाचे चौघे होते, आणि ज्यांच्या कारभाराची झडती पुढे हाच अध्यक्ष घेणार होता ते मंत्रीही होते.

उमेदवार एका पक्षाचे आणि मतदार सगळ्या पक्षांचे, अशी ही निवडणूक. तीत उभे राहणाऱ्याचे काम नुसते पक्षश्रेष्ठींची मर्जी राखून होत नाही. समोरच्या बाकांवर बसलेल्यांना त्याला पटवून द्यावे लागते, की मी निवडून आलो तर माझ्या पक्षाच्या सरकारलाही अवघड प्रश्न विचारीन. गेल्या काही दशकांत संसदीय कारभारात झालेल्या सुधारणांपैकी ही मला सर्वांत मोलाच्या सुधारणांतली एक वाटते. पर्यावरणाच्या बाबतीत तर तिचे मोल आणखी वाढते, कारण नदी, हवा आणि माती यांना मतदानाचा हक्क नसतो आणि त्यांच्या नुकसानीचा हिशेब सरकारने स्वतःहून मांडल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

2010 पर्यंत ब्रिटनमध्येही चित्र वेगळे होते. कॉमन्स सभागृहात खातेवार समित्यांची आजची पद्धत 1979 मध्ये सुरू झाली, पण समितीवर कोण बसणार आणि अध्यक्ष कोण होणार हे प्रत्यक्षात पक्षांचे प्रतोद ठरवत. ज्या मंत्र्याला प्रश्न विचारायचे, त्याच मंत्र्याच्या पक्षाचा प्रतोद प्रश्न विचारणाऱ्याची निवड करणार, असा तो व्यवहार. 2001 मध्ये त्याने टोक गाठले. टोनी ब्लेअर यांच्या सरकारला डोईजड झालेल्या दोन अध्यक्षांची नावे, वाहतूक समितीच्या ग्वेनेथ डनवुडी आणि परराष्ट्र समितीचे डोनाल्ड अँडरसन, नव्या याद्यांतून गळाली. दोघेही मजूर पक्षाचेच होते. सरकारी पक्षाला प्रचंड बहुमत असूनही सभागृहाने त्या याद्या मतदानाने फेटाळल्या आणि दोघांना परत आणले. प्रतोदांचा पराभव झाला, पण पद्धत तशीच राहिली.

ती बदलायला खासदारांच्या भत्त्यांचे प्रकरण उजेडात यावे लागले. 2009 मध्ये कोणत्या खासदाराने सरकारी पैशातून काय काय खरेदी केले याचे तपशील वर्तमानपत्रात दिवसामागून दिवस छापून येऊ लागले आणि संसदेवरचा लोकांचा विश्वास ढासळला. त्यानंतर मजूर पक्षाचे खासदार टोनी राइट यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली गेली. तिने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अहवाल दिला: अध्यक्ष सगळ्या सभागृहाने गुप्त मतदानाने निवडावेत, आणि समितीचे सदस्य त्या त्या पक्षाच्या खासदारांनी आपल्यातून निवडून द्यावेत. 2010 च्या सुरुवातीला सभागृहाने हे मान्य केले, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिल्यांदा अशा निवडणुका झाल्या. पर्यावरण लेखापरीक्षण समितीच्या पहिल्या निर्वाचित अध्यक्षा झाल्या मजूर पक्षाच्या जोन वॉली. त्या वेळी सत्तेवर हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट यांची आघाडी होती.

निवडणूक कशी होते ते थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. सार्वत्रिक निवडणुकीनंतर सभागृहाचे स्पीकर प्रत्येक पक्षाला त्याच्या जागांच्या प्रमाणात किती अध्यक्षपदे मिळतील ते कळवतात. मग कोणती समिती कोणाकडे जाणार यावर पक्षांमध्ये बोलणी होतात आणि ठरलेली वाटणी ठराव म्हणून सभागृहापुढे येते. (ही पायरी लक्षात ठेवावी, सगळ्यात मोठी फट इथेच आहे.) वाटणी मंजूर झाली की अर्ज भरायचे. उमेदवाराला आपल्या पक्षाच्या 15 खासदारांच्या, किंवा पक्षाच्या एकूण खासदारांच्या दहा टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्या सह्या लागतात. शिवाय इतर पक्षांतल्या काही पाठीराख्यांच्या सह्या जोडता येतात, आणि शहाणा उमेदवार त्या जोडतोच. समितीच्या विषयाशी जोडलेले आपले आर्थिक हितसंबंधही त्याला जाहीर करावे लागतात. एखाद्या पाणी कंपनीशी कोणाचे लागेबांधे असतील, तर मतदान करणाऱ्याला ते आधी कळलेले बरे.

मतपत्रिकेवर 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहायचा असतो. विधान परिषदेच्या निवडणुका पाहणाऱ्या मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटणार नाही. निम्म्याहून अधिक मते कोणालाच नसतील, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती उरलेल्यांना मिळते. त्यामुळे पहिल्या पसंतीचे कट्टर समर्थक कमी असले, तरी अनेकांची दुसरी पसंती ज्याला आहे तो जिंकू शकतो. मतदान गुप्त असते, म्हणून कोणी कोणाला मत दिले ते प्रतोदाला कळत नाही. कायदे करताना याच खासदारांची प्रत्येक वेळची मते नावानिशी छापली जातात, हे लक्षात घेतले तर या गुप्ततेचे महत्त्व कळते.

प्रचाराला सभा नसतात, झेंडे नसतात. पत्रे असतात, फोन असतात, संसदेच्या चहाच्या खोलीत आणि गॅलरीत गाठून केलेली बोलणी असतात. विरोधी पक्षाचा खासदार हमखास विचारतो, की माझ्या मतदारसंघातल्या प्रश्नावर तुझी समिती चौकशी करील का? उमेदवाराची खरी कसोटी अशा वेळी लागते. ‘करीन’ म्हणणे सोपे असते, पण वर्षाला मोजक्याच चौकशा होऊ शकतात आणि समितीत एकूण 16 सदस्य असतात, त्यांचीही मते असतात. जुन्या कामाची ओळख सर्वांत जास्त उपयोगी पडते: कोणी कोणत्या विधेयकावर काय बोलले, कोण पक्षादेशाविरुद्ध जाऊन उभे राहिले, कोण समितीच्या बैठकांना कागदपत्रे वाचून येत असे.

आता समितीकडे वळू. तिची स्थापना नोव्हेंबर 1997 मध्ये, ब्लेअर सत्तेवर आल्यानंतर काही महिन्यांत झाली. नमुना होता लोकलेखा समितीचा, जी ग्लॅडस्टन यांनी 1861 मध्ये सुरू केली आणि जिच्या धर्तीवर पुढे भारतातही लोकलेखा समित्या आल्या. सरकारने पैसा कसा खर्च केला हे जसे एक समिती सगळ्या खात्यांत फिरून तपासते, तसे सरकारने निसर्गाचे काय केले हे दुसऱ्या समितीने सगळ्या खात्यांत फिरून तपासावे, ही मूळ कल्पना. पर्यावरण, अन्न आणि ग्रामीण व्यवहार या एका खात्यावर लक्ष ठेवणारी वेगळी समिती ब्रिटनमध्ये आहेच. लेखापरीक्षण समितीला मात्र खात्याची हद्द नाही. अर्थमंत्र्यांनाही ती बोलावू शकते, वाहतूक, आरोग्य, संरक्षण, व्यापार या मंत्र्यांनाही.

पर्यावरण मंत्रालयात बसून पर्यावरणाचे निर्णय होतात हा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात झाडे पडायची की राहायची हे रस्तेबांधणी ठरवते, हवा कशी राहणार हे इंधनावरचा कर ठरवतो, नदीत काय सुटणार हे पाणी कंपन्यांच्या दरपत्रकावर अवलंबून असते. पर्यावरणाचे खाते बहुधा मंत्रिमंडळातले दुबळे खाते असते आणि बाकीच्यांनी घेतलेले निर्णय निस्तरणे त्याच्याकडे येते. म्हणून प्रश्न विचारणाऱ्यालाही त्या बलवान खात्यांच्या दारापर्यंत जाता आले पाहिजे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे निर्यात पतपुरवठ्याची चौकशी. ब्रिटिश कंपन्यांनी परदेशात प्रकल्प उभारले तर त्यांना सरकारी हमी आणि कर्ज देणारी एक संस्था आहे, यूके एक्स्पोर्ट फायनान्स. ती व्यापाराच्या कक्षेत येते, पर्यावरणवाद्यांच्या सभांत तिचे नाव सहसा निघत नसे. 2019 च्या जूनमध्ये, मेरी क्रे अध्यक्ष असताना, समितीने तिचे आकडे मांडले: मागच्या पाच वर्षांत ऊर्जा क्षेत्रातल्या निर्यातीसाठी तिने सुमारे 2.6 अब्ज पौंडांचा आधार दिला होता आणि त्यातला 96 टक्के वाटा तेल, वायू अशा जीवाश्म इंधनांकडे गेला होता. देशात कार्बन कमी करण्याची उद्दिष्टे जाहीर करायची आणि त्याच वेळी गरीब देशांत नवे तेल-वायू प्रकल्प उभारायला सरकारी हमी द्यायची, हा विरोधाभास एका खात्याच्या चौकटीत राहून कोणाला दिसलाच नसता. पर्यावरण खात्याच्या वहीत ही रक्कम नव्हती, आणि व्यापार खात्याच्या वहीत हवामानाचा रकाना नव्हता.

समितीने शिफारस केली, की 2021 पर्यंत हा आधार बंद करा. सरकारने लगेच ऐकले नाही. उलट 2020 मध्ये मोझांबिकच्या वायू प्रकल्पाला 1.15 अब्ज डॉलरचे साहाय्य मंजूर झाले. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी परदेशातल्या जीवाश्म इंधन प्रकल्पांना मिळणारा सरकारी पाठिंबा थांबवण्याची घोषणा केली, आणि 31 मार्च 2021 पासून ते धोरण काही अपवाद ठेवून लागू झाले. हे श्रेय एकट्या समितीचे नाही. ग्लासगोची हवामान परिषद तोंडावर आली होती, संघटनांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला होता. तरीही तो 96 टक्क्यांचा आकडा संसदेच्या अधिकृत कागदावर आला नसता, तर सगळ्यांना हाताशी धरायला एक ठोस गोष्ट मिळाली नसती.

समितीकडे अधिकार म्हणाल तर फार थोडे. ती साक्षीदार बोलावू शकते, कागदपत्रे मागू शकते, अहवाल छापू शकते. सरकारने दोन महिन्यांत लेखी उत्तर द्यावे असा प्रघात आहे. शिफारस मानण्याचे बंधन नाही. बोलावूनही कोणी आलेच नाही तर काय होते हे 2019 मध्ये दिसले. ब्रेक्झिटच्या सार्वमताच्या प्रचारातले एक प्रमुख सूत्रधार डॉमिनिक कमिंग्ज दुसऱ्या एका समितीपुढे यायला तयार झाले नाहीत, सभागृहाने त्यांना अवमानाचे दोषी ठरवले, आणि काही महिन्यांत ते पंतप्रधानांचे मुख्य सल्लागार झाले. कागदावरच्या अधिकाराची मर्यादा याहून स्पष्ट दिसणार नाही. म्हणून अध्यक्षाचा सगळा भर विषयाची निवड, पुराव्याची मांडणी आणि चिकाटी यांवर असतो.

चिकाटीचे फळ किती उशिरा येते ते मधमाश्यांच्या प्रकरणात कळते. एप्रिल 2013 मध्ये वॉलींच्या समितीने सांगितले, की निओनिकोटिनॉइड गटातली तीन कीटकनाशके परागीभवन करणाऱ्या कीटकांना घातक असल्याचा पुरावा पुरेसा आहे, त्यांच्यावर तात्पुरती बंदी घाला. सरकारने तो पुरावा अपुरा ठरवला आणि त्याच महिन्यात युरोपीय संघातल्या मतदानात बंदीच्या विरोधात मत दिले. तरी युरोपात निर्बंध आले. 2017 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आपली भूमिका बदलली आणि आणखी कडक बंदीला पाठिंबा दिला. अहवाल आणि भूमिकाबदल यांमध्ये साडेचार वर्षे गेली.

कधी काम झटपटही होते. सौंदर्यप्रसाधनांतल्या सूक्ष्म प्लास्टिक मण्यांवरचा अहवाल ऑगस्ट 2016 मध्ये आला. एका अंघोळीत असे लाखभर कण समुद्राकडे जाऊ शकतात, हे त्यातले वाक्य सगळ्या वृत्तपत्रांनी उचलले. पुढच्याच महिन्यात सरकारने बंदी जाहीर केली आणि 2018 मध्ये आधी उत्पादन, मग विक्री थांबली. कागदी कॉफीकपांचे मात्र तसे झाले नाही. वर्षाला अडीच अब्ज कप फेकले जातात आणि चारशेत एकावरही पुनर्प्रक्रिया होत नाही, म्हणून कपामागे 25 पेन्स आकारा, अशी 2018 ची शिफारस सरकारने नाकारली. 2019 मध्ये कपड्यांच्या उद्योगावरचा अहवाल आला. नव्या प्रत्येक कपड्यामागे उत्पादकाकडून एक पेनी घेतली तर कपडे गोळा करून वेगळे करण्यासाठी साडेतीन कोटी पौंड उभे राहतील, असे त्यात म्हटले होते. तेही नाकारले गेले. त्याच अहवालात लेस्टरच्या शिवणकाम कारखान्यांत किमान वेतनाहून कितीतरी कमी मजुरी दिली जाते, असे नोंदवलेले होते. पुढच्या वर्षी टाळेबंदीच्या काळात तेच कारखाने देशभर गाजले, तेव्हा संसदेला हे ठाऊक नव्हते असे कोणाला म्हणता आले नाही.

नद्यांची चौकशी मला या समितीची सर्वांत मोठी कामगिरी वाटते. 2020 च्या जानेवारीत अध्यक्ष झालेले फिलिप डन हुजूर पक्षाचे, लडलो या ग्रामीण मतदारसंघातले, पूर्वी मंत्री राहिलेले. त्यांनी मैला नदीत सोडण्याला आळा घालणारे अशासकीय विधेयक आणले. त्या वर्षी कोविडने संसदेचे वेळापत्रकच विस्कटले आणि ते विधेयक पुढे सरकले नाही, पण त्यातल्या बऱ्याच तरतुदी 2021 च्या पर्यावरण कायद्यात आल्या. बाजूला समितीची चौकशी चालू होती. जानेवारी 2022 च्या अहवालाने इंग्लंडमधल्या लोकांना हादरवले. फक्त 14 टक्के नद्यांची परिसंस्था चांगल्या स्थितीत होती, आणि रासायनिक निकषांवर उत्तीर्ण झालेली नदी एकही नव्हती. 2020 या एका वर्षात पाणी कंपन्यांनी अतिवृष्टीच्या वेळी वापरायच्या वाटांमधून चार लाखांहून अधिक वेळा सांडपाणी सोडले होते. मैल्याबरोबर शेतांतून येणारे खत, वाय नदीच्या खोऱ्यातल्या कोंबड्यांच्या शेडमधली विष्ठा, रस्त्यांवरून वाहून येणारे टायरांचे कण, प्लास्टिक, औषधांचे अंश अशी सगळी यादी समितीने एका ठिकाणी आणली. नदीत पोहण्यासाठी अधिकृत मान्यता मिळालेली जागा तेव्हा सगळ्या इंग्लंडमध्ये एकच होती, यॉर्कशरमधल्या इल्कली गावाजवळची.

आणि हे सगळे सत्ताधारी पक्षाच्या खासदाराने, सत्ताधारी पक्षाचे सरकार असताना मांडले.

याच्या तुलनेत आपल्याकडे, भारतात, केंद्रात विज्ञान-तंत्रज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामान बदल यांच्यासाठी संसदेची एक स्थायी समिती आहे. 31 सदस्य, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10. अध्यक्षाची मतदानाने निवड होत नाही, नेमणूक होते, आणि समितीची दरवर्षी पुनर्रचना होते. वर्षभरात एखादा विषय मुळापर्यंत जाऊन तपासायचा तर अध्यक्षाला आपले पद टिकेल याची शाश्वती लागते. 2023 मध्ये वन संवर्धन कायद्यातल्या दुरुस्तीचे विधेयक आले, तेव्हा ते या समितीकडे न पाठवता वेगळ्या संयुक्त समितीकडे पाठवण्यात आले. स्थायी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष जयराम रमेश यांनी त्यावर जाहीर हरकत घेतली. संयुक्त समितीने विधेयकात एकही बदल न सुचवता अहवाल दिला. कोणत्या खोलीत चर्चा होणार हे सरकार ठरवू शकते, तेव्हा त्या खोलीत कोण बसले आहे याचे महत्त्व उरत नाही.

अहवाल छापण्याचा हक्क कोणाचा, हाही प्रश्न महाराष्ट्राने आणि गोव्याने अनुभवला आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटाने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला दिला. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोव्यातल्या खाणी, सह्याद्रीच्या माथ्यावरचे प्रकल्प, सगळ्यांविषयी त्यात सविस्तर लिहिले होते. मंत्रालयाने तो प्रसिद्ध केला नाही. माहिती अधिकारात अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगाने 2012 च्या एप्रिलमध्ये तो खुला करण्याचा आदेश दिला, मंत्रालय न्यायालयात गेले, आणि अखेर मे 2012 मध्ये अहवाल लोकांसमोर आला. ज्या गावांविषयी तो होता, त्या गावांना तो वाचायला नऊ महिने थांबावे लागले. तज्ज्ञ गट मंत्रालयाने नेमलेला होता, म्हणून अहवाल मंत्रालयाच्या कपाटात गेला. संसदीय समितीच्या अहवालावर मालकी सभागृहाची असते. मंत्र्याला तो आवडो वा न आवडो, तो छापला जातो. समितीच्या थोड्या अधिकारांपैकी हा मला सर्वांत मोठा वाटतो.

मग ब्रिटनच्या त्या वाटणीच्या पायरीकडे येऊ. 1997 पासून 2019 पर्यंत या समितीचे अध्यक्षपद नेहमी मुख्य विरोधी पक्षाकडे होते. मजूर पक्षाचे सरकार असताना जॉन होरॅम, पीटर एन्सवर्थ आणि टिम यो हे तिघे हुजूर अध्यक्ष झाले. (होरॅम मजूर पक्ष, सोशल डेमोक्रॅटिक पक्ष आणि हुजूर पक्ष अशा तिन्ही पक्षांतर्फे सभागृहात बसलेले खासदार, पक्षापलीकडे पाहायला सांगणाऱ्या समितीला असा पहिला अध्यक्ष लाभला.) हुजूर पंतप्रधानांच्या काळात वॉली, ह्यू इरांका-डेव्हिस आणि क्रे हे मजूर पक्षाचे अध्यक्ष झाले. 2020 च्या वाटणीत ही परंपरा मोडली आणि खुर्ची सत्ताधारी हुजूर पक्षाकडे गेली. 2024 मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला, तेव्हा त्यानेही ती स्वतःकडेच ठेवली. गुप्त मतदानाची, सगळ्या सभागृहाला खुली असलेली पद्धत दोन्ही वेळा तीच होती. पण ज्या निर्णयाने परंपरा बदलली, तो पहिली मतपत्रिका छापण्याआधी, पक्षांच्या बोलण्यांत झाला होता.

याने नुकसान झाले असे ठामपणे म्हणता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. डन यांच्या नद्यांच्या अहवालाने हुजूर सरकारला अडचणीत आणले. पर्किन्स यांच्या समितीनेही 2025 च्या नोव्हेंबरात घरबांधणीवरच्या अहवालात बजावले, की निसर्गरक्षण हा घरे बांधण्यातला अडथळा आहे असे चित्र रंगवणे बरोबर नाही, आणि त्या वेळी घरबांधणीला वेग देण्याचा सरकारचा, म्हणजे त्यांच्याच पक्षाचा, आग्रह जोरात होता. गुप्त मतदानाने निवडून आलेला माणूस सरकारचा ऋणी राहत नाही, याचा हा पुरावा आहे. अध्यक्षपद सरकारच्या मर्जीबाहेर जाऊ शकते हे 2020 मध्ये गुप्तवार्ता समितीच्या बाबतीतही दिसले. पंतप्रधान कार्यालयाला क्रिस ग्रेलिंग अध्यक्ष हवे होते. हुजूर पक्षाचेच ज्युलियन लुईस समितीतल्या विरोधी सदस्यांच्या मतांवर निवडून आले. पक्षाने त्यांना त्याच दिवशी संसदीय गटातून काढून टाकले, आणि वर्ष संपण्याआधी परत घेतले.

तरीही माझे मत असे, की ही खुर्ची विरोधकांकडेच असावी. डन किंवा पर्किन्स यांच्यासारखी स्वतंत्र बाण्याची माणसे प्रत्येक संसदेत मिळतीलच असे नाही. सत्ताधारी पक्षाच्या खासदारापुढे मंत्रिपदाची आशाही नेहमी लोंबत असते. विरोधी अध्यक्षालाही ती असते, पण ती त्याच्या पक्षाच्या विजयाशी जोडलेली असते, आजच्या मंत्र्याच्या मर्जीशी नसते. क्रे 2019 मध्ये वेकफील्डमध्ये हरल्या आणि 2024 मध्ये कॉव्हेंट्रीतून परत आल्यावर पर्यावरण खात्यात कनिष्ठ मंत्री झाल्या. एकेकाळी त्या ज्या समितीच्या अध्यक्ष होत्या, तिलाच उत्तरे देण्याचे काम त्यांच्याकडे आले. इरांका-डेव्हिस 2016 मध्ये वेल्सच्या विधिमंडळात गेले आणि पुढे तिथे उपमुख्यमंत्री झाले. मंत्री होण्याआधी अनेक वर्षे सरकारला प्रश्न विचारलेली माणसे मंत्री म्हणून वेगळी वागतात, असे मला वाटते. निदान कोणता आकडा लपवला जाऊ शकतो, हे त्यांना ठाऊक असते.

लोकलेखा समितीच्या बाबतीत कॉमन्सने हा प्रश्न परंपरेवर सोडलेला नाही. तिचा अध्यक्ष मुख्य विरोधी पक्षाचाच असला पाहिजे, असे सभागृहाच्या स्थायी आदेशांत लिहिले आहे, त्यामुळे वाटणीच्या बोलण्यांत ती समिती येतच नाही. भारतात 1967 पासून लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधकांकडे जाते, पण तो केवळ संकेत आहे. ब्रिटनच्या पर्यावरण लेखापरीक्षण समितीचाही तो केवळ संकेतच होता, आणि संकेत एका वाटाघाटीत मोडला. लोकलेखा समितीसाठी लिहिलेले तेच वाक्य या समितीसाठी लिहायला कायदा करावा लागत नाही, राजाची संमती लागत नाही, लॉर्ड्स सभागृहाकडे जावे लागत नाही. कॉमन्सचा एक साधा ठराव पुरतो. 2010 मध्ये प्रतोदांच्या हातून अध्यक्षांची निवड काढून घेतली गेली, तीही अशाच ठरावाने.